भूत ऐकायला चला, तिकीट एक गिनी

1868 सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या गॅड्स हिल या बंगल्यात थोरले चिरंजीव चार्ली काही कामात होते. बागेतून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी भटक्या बायकोला बडवतोय असं वाटून ते धावत गेले, तर कोपऱ्यात वडील एकटेच उभे. दात-ओठ खात, हात उगारत, समोर नसलेल्या बाईचा खून पाडत होते. वडिलांचं नाव चार्ल्स डिकन्स. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला गुंड बिल साइक्स नॅन्सीला ठार मारतो, त्या प्रसंगाच्या वाचनाची तालीम चालली होती. कसं वाटलं, असं त्यांनी मुलाला विचारलं. इतकं जबरदस्त मी आजवर काही ऐकलेलं नाही, पण हे करू नका, असं मुलाने सांगितलं.

वडिलांनी ते केलंच. मुलांचं ऐकणारे वडील कादंबरीतही क्वचितच भेटतात.

भयकथा घरी पांघरुणात शिरून वाचायची गोष्ट आहे, हा आपला समज तसा अलीकडचा. ती मंचावर, दिवे मंद करून, चार लोकांत ऐकायची चीज आहे. पुस्तकातलं भूत नको झालं तर पान मिटता येतं. सभागृहात पान दुसऱ्याच्या हातात असतं, आणि डोळे मिटले तरी कान उघडेच राहतात. अशा मैफलींत कोण बेशुद्ध पडलं, कोणाची झोप उडाली, कोण उपाशी राहिलं, याची ही थोडी नोंद. यादीत ऐकणारे आहेतच, पण सगळ्यात जास्त मार वाचणाऱ्यांनी खाल्लाय.

डॉक्टर विंगेत

डिकन्स पैसे घेऊन जाहीर वाचन करू लागला 1858 मध्ये. मरेपर्यंत असे साडेचारशेच्या वर कार्यक्रम झाले. मंचाची मांडणी त्याची स्वतःची: मखमल लावलेलं छोटं टेबल, मागे गडद रंगाचा पडदा, आणि चेहऱ्यावर नेमका उजेड पाडणारे गॅसचे दिवे. पुस्तक हातात असायचं, पण ते शोभेला. सगळं पाठ होतं. त्याच्या वाचनप्रती आजही आहेत. समासात स्वतःच्या हाताने सूचना लिहिलेल्या: इथे गूढ, इथे हातवारे, आणि एका ठिकाणी तर इथून शेवटपर्यंत दहशत!

अमेरिकेत 1867-68 च्या दौऱ्यात तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत झोपले. ब्लॅकवाले गाद्या आणि व्हिस्की घेऊन आले आणि ब्रुकलिनच्या रस्त्यात त्यांनी शेकोटी पेटवली. पोलीस बोलवावे लागले. तिथे वाचनाची जागा होती एक चर्च.

दौऱ्यात डिकन्सची प्रकृती ढासळली होती आणि अन्न जात नव्हतं. मुलीला पत्रात त्याने आपला दिनक्रम कळवला तो असा. सकाळी सातला बिछान्यातच पेलाभर ताजी साय आणि त्यात दोन मोठे चमचे रम. बाराला शेरीचं सरबत आणि एक बिस्किट. तीनला शॅम्पेन. आठला पाच मिनिटं कमी असताना शेरीत फेटलेलं अंडं. मध्यंतरात गोमांसाचं कडक सूप. अशा आहारावर आपल्याकडचा नट तिसऱ्या घंटेपर्यंत उभा राहिला असता की नाही, शंकाच आहे.

नॅन्सीच्या खुनाचं चाचणी-वाचन 14 नोव्हेंबर 1868 ला लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये झालं. शंभरेक निमंत्रित होते. कार्यक्रमानंतर कालवं आणि शॅम्पेन. एका स्त्रीरोगतज्ज्ञाने बजावलं, की मध्येच एक बाई जरी किंचाळली तरी सगळ्या सभागृहात किंचाळ्यांची साथ पसरेल. उलट मिसेस कीली या जुन्याजाणत्या नटीचं मत, की लोक गेली पन्नास वर्षं अशाच खळबळीची वाट बघत होते, आता त्यांना ती मिळाली. डिकन्सने कोणाचं ऐकलं ते सांगायला नको.

जाहीर प्रयोग जानेवारी 1869 मध्ये सुरू झाले. क्लिफ्टनला बायका एकामागून एक बेशुद्ध पडू लागल्या. डझन ते वीस बायका ताठरलेल्या अवस्थेत उचलून बाहेर न्याव्या लागल्या, असं त्याने स्वतःच पत्रात लिहिलंय आणि त्यात खेदापेक्षा समाधानच जास्त दिसतं. निवृत्त नटसम्राट मॅक्रेडीने वाचन ऐकलं आणि हिशेब मांडला: हे एक वाचन म्हणजे दोन 'मॅक्बेथ'. मॅक्रेडीने मॅक्बेथ आयुष्यभर केला होता, तेव्हा दर त्यालाच ठाऊक.

व्यवस्थापक होता जॉर्ज डॉल्बी. एका रात्री जेवताना त्याने सुचवलं, की खून फक्त मोठ्या शहरांपुरता ठेवावा, प्रकृतीला झेपेल. डिकन्स उसळला. काटा-सुरी ताटलीवर अशी आदळली की ताटलीचे तुकडे. मग रडला आणि डॉल्बीच्या गळ्यात पडला. एप्रिलमध्ये प्रेस्टनला प्रकृती इतकी बिघडली की डॉक्टरांनी दौराच बंद केला.

तरी 1870 च्या सुरुवातीला लंडनमध्ये बारा निरोपाची वाचनं ठरली. डॉक्टर फ्रँक बिअर्ड दर कार्यक्रमाला हजर असत आणि नाडी मोजत. 21 जानेवारीला खुनाआधी ठोके 80, नंतर 112. 15 फेब्रुवारीला 90 वरून 124. वाचन संपलं की डिकन्सला आत कोचावर निजवायचं. दहा-दहा मिनिटं त्याला धड वाक्य बोलता येत नसे. बिअर्डने मंचाच्या कडेला पायऱ्या लावून घेतल्या आणि चार्लीला, म्हणजे त्याच बागेतल्या चिरंजीवांना, पहिल्या रांगेत बसवून ठेवलं. वडील डळमळताना दिसले तर धावत वर जाऊन त्यांना धरायचं, ही त्यांची ड्यूटी. समोरचे दोनेक हजार लोक नॅन्सीसाठी श्वास रोखून बसलेले आणि हा एक जण बापासाठी. त्या सभागृहात खरी भयकथा ऐकणारा चार्ली एकटाच असावा असं मला वाटतं.

साइक्स-नॅन्सीची एकूण 28 वाचनं झाली. शेवटचं 8 मार्च 1870 ला. तीन महिन्यांनी, 9 जूनला, डिकन्स गेला. पाच वर्षांपूर्वी नेमक्या याच तारखेला स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून तो वाचला होता. त्या अपघातानंतर दीडेक वर्षात त्याने 'द सिग्नलमॅन' ही रेल्वेच्या भुताची कथा लिहिली आणि तिची वाचनप्रतही तयार केली. ती मंचावर मात्र त्याने कधीच वाचली नाही. खून चालला, रेल्वे नको!

ड्रॅक्युलाच्या भूमिकेत: श्री. जोन्स

18 मे 1897. लंडनचं लायसियम थिएटर. वेळ सकाळी सव्वादहा, म्हणजे भुताला अगदीच गैरसोयीची. 'ड्रॅक्युला' पुस्तकरूपात यायला अजून आठवडा होता आणि त्याचं पहिलं मंचीय वाचन आज होतं. लेखक ब्रॅम स्टोकर याच थिएटरचा व्यवस्थापक, त्यामुळे हॉल घरचाच.

हा सगळा खटाटोप कलेसाठी नव्हता, हक्कांसाठी होता. कादंबरी बाजारात यायच्या आधी तिचा जाहीर प्रयोग झाला, की नाटकाचे हक्क लेखकाकडे राहत. नाही तर कुणीही उठावं आणि तिचं नाटक करावं. म्हणून स्टोकरने घाईघाईत पाच अंक आणि एक पूर्वरंग जुळवला. कुठे हाताने लिहिलं, कुठे कादंबरीची छापील मुद्रितं कापून चिकटवली. प्रवेश चाळीसच्या वर आणि वाचन चार तासांहून अधिक. तिकीट एक गिनी. तेव्हा ही रक्कम चांगलीच होती आणि ती मुद्दाम ठेवली होती. कायद्याला प्रेक्षक हवा होता, स्टोकरला नको होता. पैसे मोजून आलेले दोघेच होते, असं सांगतात.

मीनाची भूमिका वाचली प्रख्यात नटी एलन टेरी हिची मुलगी एडिथ क्रेग हिने. आणि काउंट ड्रॅक्युला? कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'श्री. जोन्स'. पुढे लुगोसी आले, ख्रिस्तोफर ली आले, पण जगातला पहिला ड्रॅक्युला म्हणजे हे जोन्स. थिएटरचे चालक आणि त्या काळचे नटश्रेष्ठ हेन्री आयर्विंग यांनी ही भूमिका करावी अशी स्टोकरची फार इच्छा होती. वाचनाचा काही भाग ऐकून ते 'भयंकर!' एवढंच म्हणाले, अशी आख्यायिका आहे. त्यांना कथा भयंकर वाटली की लेखन, हे स्टोकरने विचारलं नसावं.

पुढे 1924 मध्ये हॅमिल्टन डीनने डर्बीला 'ड्रॅक्युला'चं नाटक बसवलं. 1927 मध्ये ते लंडनला आलं तेव्हा सभागृहात गणवेशातली नर्स तैनात असायची, न जाणो कुणाला भोवळ आली तर. डिकन्सच्या वेळी डॉक्टर वाचणाऱ्यासाठी होता. आता नर्स जाहिरातीसाठी! ड्रॅक्युलाच्या झग्याची ती उंच ताठ कॉलरही मंचाचीच देणगी. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला की कॉलरीमागे डोकं दिसेनासं व्हायचं, आणि तो खालच्या फळीतून सटकला तरी रिकामा झगा क्षणभर तसाच उभा. भूत गायब!

शाई वाळायच्या आत

इंग्लंडात भुताच्या गोष्टींचा हंगाम म्हणजे नाताळ. आपल्याला गंमत वाटेल, कारण आपली भुतं अमावास्या बघून निघतात, आणि जपानची भर उन्हाळ्यात. पण थंडी, लांब रात्र, शेकोटी आणि पोटात पुडिंग ही तिथली भुताची सामग्री.

त्या परंपरेचे बादशहा एम. आर. जेम्स. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले मोठे विद्वान, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार, पुढे कॉलेजचे प्रोव्होस्ट. 28 ऑक्टोबर 1893 ला 'चिटचॅट' नावाच्या छोट्या मंडळात त्यांनी आपल्या दोन भयकथा मूठभर मित्रांना वाचून दाखवल्या. मग दर नाताळला मित्र गोळा होऊ लागले. जेम्स आतल्या खोलीत गोष्ट संपवत बसलेले असत. बऱ्याच उशिराने कागद घेऊन यायचे, काही वेळा शेवटच्या ओळींची शाईही ओली. मग एक सोडून बाकी सगळ्या मेणबत्त्या विझवायच्या आणि वाचायला बसायचं. जेम्स यांचं अक्षर कुप्रसिद्ध होतं. एका मेणबत्तीच्या उजेडात ते लावणं ही त्या रात्रीची पहिली अद्भुत घटना म्हणायला हरकत नाही.

या कथांचं पहिलं पुस्तक 1904 मध्ये आलं. रक्ताचे पाट त्यात नाहीत. अंथरुणाच्या कडेला काहीतरी ओलसर, केसाळ, एवढ्यावरच काम भागतं. मोठ्याने वाचायला लिहिलेल्या असल्यामुळे वाक्यं कानाला सोपी आणि धक्का नेमका श्वासाच्या जागी. हल्ली रॉबर्ट लॉइड पॅरी हा नट जेम्स बनून आरामखुर्चीत बसतो आणि मेणबत्त्यांच्या उजेडात या कथा सादर करतो. वाचत नाही, पाठ सांगतो. 2000 साली बीबीसीने ख्रिस्तोफर ली यांना जेम्सच्या भूमिकेत बसवून कथा वाचून घेतल्या. ली यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की लहानपणी ईटन शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी गेलो तेव्हा समोर परीक्षक म्हणून खुद्द जेम्स होते. ड्रॅक्युलाला ती मिळाली नाही.

पाऊस, कविता आणि ईथर

1816 च्या जूनमधला हा प्रसंग बहुतेकांना अर्धा माहीत असतो. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यात मंडळी पावसाने अडकली. जर्मन भूतकथांचं फ्रेंच भाषांतर सगळ्यांनी मोठ्याने वाचलं, मग प्रत्येकाने एक गोष्ट लिहायचं ठरलं, आणि अठरा वर्षांच्या मेरीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतलं.

राहून जाणारा अर्धा भाग असा. 18 जूनच्या रात्री बायरनने कोलरिजची 'क्रिस्टाबेल' ही कविता म्हणून दाखवली. ऐकता ऐकता मेरीचा प्रियकर, कवी शेली किंचाळला आणि मेणबत्ती घेऊन खोलीबाहेर पळाला. मेरीकडे बघताना त्याला एक बाई आठवली होती, जिच्या स्तनाग्रांच्या जागी डोळे होते. बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याने त्याच्या तोंडावर पाणी मारलं, ईथर हुंगवलं आणि हे सगळं रोजनिशीत टिपून ठेवलं. इथेही डॉक्टर हजरच! पुढे त्यानेही 'द व्हॅम्पायर' लिहिली. म्हणजे भुताच्या वाचनाला बोलवायचाच तर डॉक्टर लिहिता असावा.

एक वात कमी ठेवा

जपानमध्ये एदो काळात एक खेळ होता: शंभर गोष्टींची बैठक. त्याचे नियम 1666 च्या एका पुस्तकात आहेत. अंधारी रात्र, निळ्या कागदाने मढवलेला कंदील, त्यात शंभर वाती. एक भुताची गोष्ट झाली की एक वात विझवायची. शंभरावी विझली की खरं भूत येतं. म्हणून शहाणी मंडळी नव्याण्णववर थांबत. खेळ सामुरायांच्या धैर्याच्या परीक्षेतून निघाला असं म्हणतात. नव्याण्णवला थांबण्यात धैर्य कुठे, हे विचारण्याचं धैर्य बहुधा कुणाला झालं नाही.

तिथला सगळ्यात मोठा कथेकरी सान्युतेई एन्चो. त्याची 'बोतान दोरो' म्हणजे प्रियकराकडे रात्री कंदील घेऊन येणाऱ्या मृत तरुणीची गोष्ट. जपानी भुतांना पाय नसतात, निदान चित्रांत तरी. एन्चोची नायिका मात्र लाकडी खडावा वाजवत येते. आपल्या हडळीचे पाय उलटे का होईना, असतात. तिथे एन्चोने भुताला पाय दिले, आणि माझ्या मते कारण साधं आहे: ऐकणाऱ्यांना पावलं ऐकू यायला हवीत. 1884 मध्ये त्याचं हे कथन लघुलिपीत उतरवून छापलं गेलं आणि त्यातल्या बोलक्या भाषेचा आधुनिक जपानी गद्यावर ठसा उमटला. एन्चोने जमवलेली भुतांची चित्रं तोक्योच्या यानाका भागातल्या झेन्शोआन देवळात आहेत. ऑगस्टमध्ये बघायला मिळतात.

आणि लाफ्कादिओ हर्न. जपानमध्ये स्थायिक झालेला हा लेखक बायकोकडून भुताच्या गोष्टी ऐकायचा. बायको सेत्सु दिव्याची वात खाली करायची आणि सांगायला लागायची. पुस्तकातून वाचायचं नाही, ही हर्नची अट. तुझ्या शब्दांत, तुला वाटतं तसं सांग. पुढे आठवणींत तिने सांगितलंय, की या गोष्टींनी तिला स्वतःलाच भयानक स्वप्नं पडायची. 'क्वाइदान' 1904 मध्ये आलं तेव्हा नाव नवऱ्याचं होतं, स्वप्नं बायकोची.

त्याच पुस्तकात होइचीची गोष्ट आहे. आंधळा होइची वाद्यावर युद्धकथा गातो. रोज रात्री त्याला कुणा सरदाराकडे बोलावणं येतं. श्रोते ढसाढसा रडतात. ते सगळे त्याच युद्धात मेलेले असतात. भिक्षू त्याच्या सर्वांगावर मंत्र लिहून त्याला अदृश्य करतात, पण कानांवर लिहायचं विसरतात. भूत येतं, त्याला फक्त कान दिसतात, आणि ते तेवढे उपटून नेतं.

कोबीचा खून

मंचावर हत्यार नसलं तरी आवाज हवा. अमेरिकेत 1934 मध्ये सुरू झालेल्या 'लाइट्स आउट' या रेडिओ मालिकेने यात पीएचडी केली होती. डोकं धडावेगळं करायचंय? कोबीचा गड्डा चिरा. हाडं मोडायचीत? मांसाच्या दुकानातून फासळ्या आणा. विजेच्या खुर्चीवर माणूस जातोय? मायक्रोफोनजवळ बेकन तळा. सगळं थेट प्रक्षेपण, त्यामुळे स्टुडिओत नाश्त्याचा वास आणि घराघरांत थरकाप.

बाकी, भयकथाकार एडगर ॲलन पो मंचासाठीच जन्माला आलाय. कथा अर्ध्या ते दोन तासांत, एका बैठकीत संपावी, असा त्याचा दंडकच होता, जो आपल्या काही वक्त्यांना कळवायला हवा. 'द टेल-टेल हार्ट' तर एका वेड्या खुन्याचं स्वगतच आहे. 1970 मध्ये व्हिन्सेंट प्राइसने पोच्या चार कथा एकट्याने सादर केल्या, टीव्हीसाठी, एकाही सहकलाकाराशिवाय.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे कथाकथन जोरात होतं. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव सभागृहं भरवली. पण मंचावर आलेलं मराठी भूत बहुधा हसवायलाच आलं. मिरासदारांची 'भुताचा जन्म' आठवा. धारपांचे 'समर्थ' आणि मतकरींचा 'खेकडा' मात्र आपण एकट्याने, दिवाळी अंकात नाक खुपसून वाचले. हे मला आपलं नुकसान वाटतं.

तरी कानाने घाबरायची करामत आपल्याकडेही झालीय. दिग्दर्शक राही बर्वे यांना 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली. तिथून 'तुंबाड'चं बीज पडलं आणि 2018 मध्ये सिनेमा आला. धारपांच्या त्या 'आजी' कथेमागे स्टीफन किंगची कथा होती. म्हणजे अमेरिकेतून पुण्याला, पुण्याहून जंगलात, जंगलातून पडद्यावर. जंगलातला टप्पा तोंडी होता.

आणि मुळात जायचं तर पैठणला जावं लागेल. 'कथासरित्सागरा'त गुणाढ्याची गोष्ट आहे. सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित एका पैजेत हरून वनात गेला. तिथे काणभूती नावाच्या पिशाच्चाने त्याला कथा ऐकवल्या. त्याने त्या पैशाची भाषेत, जंगलात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिल्या: सात लाख श्लोक. राजाने असला रक्तात लिहिलेला, पिशाच्चांच्या भाषेतला ग्रंथ नाकारला. संपादकीय निर्णय समजण्यासारखा आहे. गुणाढ्य डोंगरावर गेला, अग्निकुंड पेटवलं, आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकू लागला. भोवती हरणं, रानडुकरं, सगळी जनावरं गोळा झाली आणि चरायचं सोडून ऐकत बसली.

इकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं आहे, त्यात कस नाही. आचाऱ्यांनी बोट दाखवलं शिकाऱ्यांकडे. शिकारी म्हणाले, आम्ही काय करणार, डोंगरावर एक ब्राह्मण वाचतोय आणि जनावरं खातच नाहीत. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेला एक लाख त्याने मागून घेतला.